नर्सरीत फक्त बघायला जाणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही विकत घ्यायचं नसताना नर्सरीत जाणं बरं दिसतं का?

अगदी बरं दिसतं. माझं तर म्हणणं आहे की नवीन बाग करायची असेल, तर पहिली फेरी रिकाम्या हातांनीच करावी. आत शिरल्याशिरल्या सांगून टाका, "आज फक्त बघायला आलोय, बाग करायची आहे, कल्पना हव्यात." झाडांवर जीव असलेला माणूस हे ऐकून खूश होतो. विकत घ्यायच्या इराद्याने गेलं, की नजर फुलांवरच खिळते. बघायला गेलं, की हळूहळू पानं दिसू लागतात, खोडाची ठेवण दिसते, कोण कुणाच्या सावलीत सुखाने वाढतंय तेही दिसतं. बाग शेवटी याच गोष्टींवर उभी राहते.

फक्त तीन गोष्टी पाळा. कुंड्या उचलल्या तर जागच्या जागी ठेवा, पाणी घालणाऱ्याच्या वाटेत उभे राहू नका आणि गिऱ्हाइकांची गर्दी असेल तेव्हा लांबलचक शंका विचारू नका.

जाण्याआधी घरी काय तयारी करावी?

एकच गोष्ट करायची असेल, तर ऊन मोजा. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर दोन तासांनी जागेवर जाऊन कुठे ऊन आहे आणि कुठे सावली ते कागदावर मांडा. सहा तास किंवा त्याहून जास्त थेट ऊन मिळत असेल तर ती उन्हाची जागा, तीन-चार तास मिळत असेल तर अर्ध्या उन्हाची. आपल्याकडे "भरपूर ऊन येतं" असं ठामपणे सांगणाऱ्या कित्येकांना कागद भरल्यावर कळतं की ते ऊन जेमतेम दोन तासांचं असतं, एरवी असतो तो नुसता उजेड. मोगऱ्याला उजेड पुरत नाही, ऊनच लागतं. नेच्याला उजेड पुरतो आणि कडक उन्हात त्याची पानं करपतात.

जमिनीत लावायचं असेल तर पाण्याचा निचराही बघून ठेवा. फूटभर खोल खड्डा घ्या, एकदा पाणी भरून जिरू द्या आणि मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं, तर तिथे बहुतेक झाडांची मुळं कुजणार. जागेची लांबी-रुंदी टिपा, उभं राहून दोन-तीन फोटो काढा आणि निघा.

कोणत्या वेळी जावं?

सकाळी, पाणी घालून झाल्यावर. पानं ताजी असतात आणि माणसंही. भर दुपारी निरोगी रोपंसुद्धा माना टाकतात, त्यामुळे खरी तब्येत कळत नाही.

आत गेल्यावर सुरुवात कुठून करावी?

सगळ्यात मागून. दारातली मांडणी फुलांवर आलेल्या रोपांची असते आणि ती दर आठवड्याला बदलते. मागच्या बाजूला, बहुधा कुंपणालगत, मातृवृक्ष असतात. म्हणजे ज्यांच्यापासून कलमं आणि फाटे घेतात ती मोठी, जुनी झाडं. हातभर रोप पाच-दहा वर्षांनी कसं दिसेल, ते तिथे प्रत्यक्ष उभं असतं. पुढे वीतभर पिशवीत निमूट बसलेला फायकस (वडाच्या गणातलं शोभेचं झाड) मागे छपराच्या वर गेलेला दिसला, की तो भिंतीलगत लावायचा विचार आपोआप बारगळतो.

मनीप्लांटची गोष्ट तर मला अजून नवलाची वाटते. कुंडीतून खाली लोंबणाऱ्या वेलाची पानं तळहाताएवढी. त्याच नर्सरीच्या मागच्या आवारात तोच वेल एका झाडाच्या खोडावर चढलेला होता. खालून वर पाहत गेले, तर पान हळूहळू रुंद होत गेलं. वर जाऊन ते सुपाएवढं झालं आणि कडेला चिराही पडल्या. मला वाटलं वेगळी जात असेल. वेल तोच. त्याला वर चढायला आधार मिळाला की पानं मोठी होत जातात, लोंबत ठेवला की लहानच राहतात. घरी आल्यावर त्याच दिवशी मी कुंडीत काथ्या गुंडाळलेला खांब रोवला.

मागे गेल्यावर मांडवांच्या खालीही वाकून बघा. रोपांच्या रांगांखाली, विटांच्या फटींत, कुणी न लावता आपोआप काय रुजलंय? तिथे सदाफुली उगवलेली असेल, गळक्या नळाखाली नेचा पसरलेला असेल, आणि कोरड्या खडीत एखादी पानफुटी पडलेल्या पानापासून फुटून आली असेल. त्या हवेत, त्या पाण्यावर, कुणाच्याही मदतीशिवाय जगणारी ही झाडं. ज्यांना रोज बागेत वेळ देणं जमत नाही, त्यांनी आपली पहिली यादी या फटींमधूनच करावी.

तिथे सगळं भरगच्च आणि देखणं दिसतं. तीच रोपं घरी आणली की विस्कटल्यासारखं का वाटतं?

कारण नर्सरीत एकाच झाडाची चाळीस रोपं एका रांगेत असतात आणि आपण त्यातलं एक आणतो. डोळ्याला सुखावतो तो त्या रांगेचा एकसंधपणा. हे कळायला मला पहिली बाग उपटावी लागली. मी अकरा रोपं आणली होती, अकराही वेगवेगळी, प्रत्येक आपापल्या परीने सुंदर. वाफ्यात लावल्यावर ती एकमेकांशी बोलतच नव्हती. वर्षभराने त्यातली तीनच झाडं निवडली, त्यांचेच फाटे लावून संख्या वाढवली आणि बाकीची शेजारीपाजारी दिली. जागा तीच, माती तीच, पण बघणाऱ्याची नजर तिथे ठरू लागली.

म्हणून नर्सरीत आवडलेल्या दृश्यासमोर उभं राहून मोजा. यात झाडांचे प्रकार किती आणि प्रत्येकाची संख्या किती? बहुतेक वेळा प्रकार तीन-चारच निघतात. लहान जागेसाठी एक उंच, एक मधलं झुडूप आणि एक जमिनीलगत पसरणारं एवढं पुरतं. खालचं मात्र हात सैल सोडून लावा, कारण उघडी माती दिसली की बाग अर्धवट वाटते आणि तणही तिथेच माजतं.

रंगसंगती कशी हेरावी?

डोळे बारीक करून. खरंच, अर्धवट मिटून बघा. फुलांचे तपशील पुसले जातात आणि रंगांचे फक्त पट्टे उरतात. इंग्लंडमधल्या गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) या बागकार मुळात चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या होत्या आणि त्यांची दृष्टी फार अधू होती. त्यांच्या घरच्या बागेतला लांबलचक फुलताटवा कडेला निळसर, राखाडी, फिका पिवळा असा शांत सुरू व्हायचा, मध्यावर नारिंगी आणि लाल होऊन पेटायचा आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा शांत व्हायचा. ही चढउतार छोट्या बाल्कनीतल्या सात कुंड्यांतही साधता येते.

शेजारचा रंग मूळ रंगाला बदलून टाकतो हेही नर्सरीत नीट दिसतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल एका प्रसिद्ध गालिचांच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार तिथे आली, तेव्हा त्यांना आढळलं की दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्याच्या रंगात होता. १८३९ साली त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं. तुम्हीही करून बघा. केशरी झेंडूची पिशवी निळ्या गोकर्णीजवळ धरा, मग लाल सदाफुलीजवळ धरा. फूल तेच, पण पहिल्या ठिकाणी ते झळाळतं आणि दुसऱ्या ठिकाणी दबतं.

आणि एक मनापासून सांगते, फुलांचे रंग पाहुणे असतात, पानांचे घरचे. जास्वंदीचं फूल बहुधा एका दिवसाचं, पान बारमाही. हिरव्याच्याच किती छटा असतात ते बघा. तगरीचा गडद चकचकीत हिरवा, नेच्याचा पोपटी, कर्दळीच्या काही जातींचा तांबूस. पानांवर बेतलेली बाग फुलांचा बहर नसतानाही ओकीबोकी दिसत नाही.

नर्सरीत टवटवीत असलेलं रोप घरी आल्यावर माना का टाकतं?

बहुतेक वेळा हिरव्या जाळीमुळे. जाळीखाली वाढलेली पानं पातळ आणि रुंद असतात, कारण त्यांना थोड्या उजेडातून जास्त मिळवायचं असतं. तसं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं की दोन दिवसांत पानांवर पांढुरके डाग पडतात. त्या पानांना पुन्हा जाड होता येत नाही. झाडाला नवी पानं काढावी लागतात. म्हणून पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवा, मग सकाळचं कोवळं ऊन द्या आणि मग पूर्ण ऊन. काही फायकस तर नुसती जागा बदलली तरी भराभरा पानं गाळतात. घाबरून पाण्याचा मारा करू नका, बहुतेक वेळा ती पुन्हा फुटतात.

म्हणूनच रोप आवडलं की आधी मान वर करून बघा, डोक्यावर जाळी आहे का उघडं आभाळ. आपल्याकडे ते जसं आहे तसंच मिळणार का? जागेसाठी झाड निवडायचं, झाडासाठी जागा बदलत बसायचं नाही. हा विचार आयुष्यभर लावून धरणाऱ्या बेथ चॅटो यांनी १९६७ साली इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात नर्सरी सुरू केली. तो भाग तिथल्या मानाने फार कोरडा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नर्सरीच्या जुन्या वाहनतळाच्या खडीत कोरडं सोसणारी झाडं लावली आणि त्या बागेला वरून पाणी द्यायचं नाही असं ठरवलं. ती बाग अजून उभी आहे.

माळीदादांना नेमकं काय विचारावं?

"हे चांगलं आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो"च येतं. "हे कशामुळे मरतं?" असं विचारा. या एका प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही. कुणाला पाणी जास्त झालेलं चालत नाही, कुणाच्या मुळांना हात लावलेला चालत नाही, कुणावर पिठ्या ढेकूण ही कीड हटकून येते, सगळं त्या उत्तरात निघतं. त्याखेरीज झाड किती उंच आणि किती रुंद होईल, कलमी आहे की बियांपासूनचं, आणि छाटणी कधी करायची हे विचारून घ्या. शेवटी, "तुमच्या स्वतःच्या घरी काय लावलंय?" हे जरूर विचारा. बोलण्याचा सूरच बदलतो.

एखादं रोप घ्यावंसं वाटलंच, तर ते कसं पारखावं?

एका वयस्क माळ्याने मला दाखवलं ते सांगते. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं खोडाच्या दोन्ही बाजूंना ठेवली, तळहात मातीवर दाबला, कुंडी उलटी केली आणि तिची कड लाकडी बाकावर एकदाच हलकी आपटली. कुंडी अलगद वर निघाली आणि मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, अख्खीच्या अख्खी त्यांच्या हातात बसली. मातीच्या कडेने पांढरी, सुतासारखी मुळं दिसत होती आणि त्यांची टोकं ओलसर चमकत होती. "हे घ्या," म्हणाले. मग शेजारचं दुसरं रोप काढलं. त्यात माती दिसतच नव्हती, तपकिरी मुळांचा गोल गोल वेढा तेवढा होता. "हे कधीचं इथेच आहे. न्यायचंच झालं तर हा वेढा कापून मोकळा करा, नाहीतर जमिनीत जाऊनही ते असंच गोल फिरत राहील." मुळं काळी, लिबलिबीत आणि वासाची असतील तर मात्र ते रोप घेऊच नका.

तुम्ही स्वतः कुंडी उलटी करू नका, दाखवायला सांगा. पानं मात्र स्वतः उलटून बघा. पांढरी माशी, मावा, लाल कोळी हे सगळे पानाखालीच लपतात. पांढऱ्या कापसासारखे पुंजके पानांच्या बेचक्यात दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो घरी आला की शेजारच्या कुंड्यांवरही पसरतो.

कलमी गुलाब घेताना जोडाच्या खालून फूट आली आहे का ते पाहा. ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रानटी गुलाबाची असते आणि वाढली तर वरचं कलम दबतं. आणि दोन रोपांतून निवडायचं असेल, तर फुलांनी लगडलेलं सोडून कळ्या असलेलं, बुटकं, फांद्या फुटलेलं घ्या.

नावं टिपून घ्यायची गरज आहे का?

आहे, शास्त्रीय नावासकट. "चाफा" एवढंच लिहून आणलंत तर पुढे काय कराल? सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला आणि चांगला मोठा वृक्ष होणारा. खुरचाफा, म्हणजे पानं गाळून उघडा होणारा आणि चीक असलेला प्लुमेरिया, कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, आकड्यांनी चढणारा. नाव एक, पण जागा, पाणी आणि आकार सगळंच वेगळं. हा घोळ मिटावा म्हणूनच लिनियसने १७५३ साली वनस्पतींना सरसकट दोन शब्दी नावं दिली. ती नावंही कधी बदलतात. स्नेक प्लांटला जुन्या पाटीवर सॅन्सेव्हिएरिया आणि नव्या पाटीवर ड्रॅसिना लिहिलेलं दिसेल, झाड एकच. पाटीचा फोटो काढा, काम झालं.

घरात लहान मुलं आणि मांजर आहे. काय टाळावं?

कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि त्याचा परिणाम हृदयावर होतो. डिफेनबेकिया आणि मनीप्लांटच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते आणि सूज येते. लिली मांजरांना फार घातक आहे, तिच्या परागकणांनीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अशा घरी लिली आणूच नका.

बागेत फुलपाखरं आणि मधमाश्या याव्यात असं वाटतं. नर्सरीत ते कसं कळेल?

पाच मिनिटं एका जागी गप्प उभे राहा. मधमाश्या कुठल्या रांगेत घोटाळतात आणि कुठली रांग ओलांडून जातात, हे डोळ्यांसमोर दिसतं. भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या फुलांवर त्या कमी बसतात, कारण अशा बऱ्याच फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग कमी आणि आत शिरायला वाटही नाही. एकेरी पाकळ्यांची जास्वंद, एकेरी झेंडू त्यांना सोयीचे. फुलपाखरांना नुसता मध पुरत नाही, अळ्यांना खायला पानंही लागतात. लिंबाची पानं कुरतडलेली दिसली तर फवारणीआधी अळी बघा. ती काही दिवसांत उडून जाणार आहे.

रोपं घरी नेताना काय काळजी घ्यावी?

वारा आणि बंद गाडीतली धग, दोन्ही वाईट. उंच रोपं आडवी न ठेवता खोक्यात उभी बसवा, मधे कागदाचे बोळे भरा आणि वाटेत थांबू नका. एकेकाळी जहाजावरून नेलेली बरीचशी रोपं खारा वारा आणि गोड्या पाण्याच्या टंचाईने वाटेतच मरायची. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास बंद बाटलीत पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवला होता. कोशाऐवजी त्यांचं लक्ष गेलं ते तिथे आपोआप रुजलेल्या नेच्याकडे. आतलीच ओल काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या आणि १८३३ मध्ये रोपांनी भरलेल्या दोन पेट्या लंडनहून सिडनीला पाठवल्या. रोपं जिवंत पोहोचली. रस्ता लांबचा असेल तर नाजूक नेच्यावर सैलसर पारदर्शक पिशवी चढवा, तत्त्व तेच आहे. पिशवी उन्हात मात्र ठेवू नका.

एखादी छोटी फांदी मोडून आणली तर चालेल का?

न विचारता नाही. काही जातींवर पैदासकारांचे, म्हणजे ती जात तयार करणाऱ्यांचे, हक्क असतात, आणि तो फाटा कदाचित त्यांनी कलमासाठीच वाढवलेला असतो. मागितलात तर पुष्कळदा स्वतःच्या सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापून ओल्या कागदात गुंडाळून देतात.

पुन्हा कधी जावं?

तेच झाड बहर ओसरल्यावर पाहायला, साधारण दोन-तीन महिन्यांनी. फुलं नसतानाही ते आवडलं तर तुमचं आणि त्याचं जमेल. त्या फेरीला घरच्या जागेचा फोटो सोबत न्या. मी एकदा नेला होता. एका कोपऱ्यात काय लावू ते सुचत नव्हतं. माळीदादांनी फोटो बराच वेळ, मोठा करून करून पाहिला. मग त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, इथं काही लावू नका. पाणी घालताना उभ्या कुठं राहणार?" मी तिथे एक फरशी टाकली.